न भेटलेले स्नेही : ऑनलाइन मैत्रीच्या वादाचा आढावा

ऑनलाइन ओळखीतून झालेली मैत्री खरी मानायची का, हा वाद आता तिशी ओलांडून गेला आहे. आधी तो संगणकवाल्यांपुरता होता, मग मानसशास्त्रज्ञ आणि समाजशास्त्रज्ञ त्यात उतरले आणि आता तो घराघरांत पोचला आहे. सासूबाई दुपारभर कुणाशी एवढं टाइप करत बसतात? मुलगा ज्याला जिवलग म्हणतो त्याला कुणी पाहिलंय का? घरातल्या आजारपणाचं सगळं त्या ग्रुपवर कशाला सांगायचं? असे प्रश्न आज साध्या घरांत विचारले जातात. त्यांची उत्तरं अभ्यासकांनी कुठवर शोधली, कशावर बऱ्यापैकी एकमत झालं आणि कुठे अजून घोडं अडलंय, ते इथे पाहायचं आहे. त्यासाठी माणसं एकमेकांना मुख्यतः जे सांगतात ते तीनच विषय घेतले आहेत : दुःख, आनंद आणि प्रवास. त्यातही दुःखाला जास्त जागा दिली आहे, कारण खरा पेच तिथेच आहे असं मला वाटतं.

पाकिटावरचा पत्ता

न भेटता मैत्री ही इंटरनेटने आणलेली गोष्ट नव्हे, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहिले, सभासंमेलनं आणि गर्दी त्यांनी कायम टाळली. पण ज्यांच्याशी पत्रांतून सूर जुळला त्यांच्याशी ते भरभरून बोलले. १९८७ मध्ये ते गेल्यावर त्यांच्या निवडक पत्रांचे खंड निघाले, आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यांना लिहिलेली पत्रं 'प्रिय जी. ए.' या नावाने पुस्तकरूपात आली. प्रत्यक्ष भेटी मोजक्याच होत्या. म्हणून त्या मैत्रीला कुणी उणं मानलं नाही.

परदेशातलं अशा मैत्रीचं गाजलेलं उदाहरण म्हणजे हेलीन हॅन्फ या न्यूयॉर्कच्या लेखिकेचं. १९४९ पासून ती लंडनच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानाशी पत्रव्यवहार करत होती. तिथले फ्रँक डोएल तिला पुस्तकं पाठवत. युद्धानंतर ब्रिटनमध्ये रेशनिंग होतं, तेव्हा ती दुकानातल्या सगळ्यांसाठी खाण्याच्या वस्तूंची पार्सलं धाडत असे. वीस वर्षांत दोघांची एकदाही भेट झाली नाही. १९६८ च्या डिसेंबरात डोएल वारले आणि पुढच्या महिन्यात दुकानाच्या सेक्रेटरीने पत्र लिहून हॅन्फला ते कळवलं. १९७० मध्ये हा सगळा पत्रव्यवहार '८४, चेअरिंग क्रॉस रोड' या पुस्तकात आला.

सेक्रेटरीच्या त्या पत्राकडे लक्ष द्यायला हवं, कारण पुढचा बराच वाद त्याच्याशी जोडलेला आहे. पत्रमैत्री घरातल्यांना किंवा कचेरीतल्यांना दिसत असे. पाकीट दारात पडायचं, त्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता असायचा. माणूस गेला तरी पत्र यायचं आणि घरातलं कुणीतरी, वर श्री न लिहिता, चार ओळींचं कार्ड टाकायचं. आपल्याकडे असं कार्ड वाचून फाडून टाकायची रीत होती. रीत होती, म्हणजे कळवणं हे कुणाचं तरी काम आहे, हे सगळ्यांना मान्य होतं.

संगणकावरच्या मैत्रीचा इतिहास लिहिताना हॉवर्ड ऱ्हाइनगोल्ड यांच्या १९९३ च्या 'द व्हर्च्युअल कम्युनिटी' या पुस्तकापासून सुरुवात करायची पद्धत आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात १९८५ मध्ये सुरू झालेल्या 'द वेल' या चर्चामंडळाचे ते सदस्य. आपल्या लहान मुलीच्या डोक्याला गोचीड चिकटली, तेव्हा डॉक्टरांकडून उलट फोन यायच्या आत ती कशी काढायची हे तिथल्या मंडळींनी सांगितलं, असा प्रसंग त्यांनी नोंदवला आहे. एका सदस्याच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाल्यावर बाकीचे त्याच्यामागे कसे उभे राहिले, तेही त्यात आहे. म्हणजे सुख-दुःखाची देवाणघेवाण या माध्यमात अगदी आरंभापासून आहे, नंतर चिकटलेली नाही.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. पुढच्याच वर्षी 'मायबोली' सुरू झाली आणि अमेरिकेतला, आखातातला, पुण्या-ठाण्यातला मराठी माणूस एकाच ठिकाणी लिहू लागला. परदेशात गेलेल्यांना तिथे माहेर सापडलं, असं म्हटलं तर वावगं ठरणार नाही. 'आयडी' हीच माणसाची ओळख झाली. खोट्या नावाने वावरणाऱ्याला 'डुआयडी' म्हणू लागले, प्रत्यक्ष भेटीला कुठे 'गटग' तर कुठे 'कट्टा'. मग ऑर्कुट आलं (२००४) आणि गेलं (२०१४). २०१६ मध्ये जिओने डेटा स्वस्त केल्यावर आणखी मोठा बदल झाला : साठी उलटलेली पिढी व्हॉट्सॲपवर आली. आज या विषयावर बोलताना तरुणांचीच चिंता करून भागत नाही.

कोण काय म्हणतं

संशय घेणाऱ्यांचा पहिला ठोस आधार १९९८ मध्ये आला. रॉबर्ट क्राउट आणि सहकाऱ्यांनी पिट्सबर्गमध्ये ७३ कुटुंबांतल्या १६९ जणांना संगणक आणि इंटरनेट देऊन पहिल्या एक-दोन वर्षांत काय होतं ते पाहिलं. ज्यांचा वापर जास्त, त्यांचं घरातलं बोलणं थोडं कमी झालं, मित्रपरिवार थोडा आक्रसला, एकटेपणा आणि खिन्नता थोडी वाढली. त्याची जगभर बातमी झाली. त्याच अभ्यासकांनी २००२ मध्ये पुढचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात वाईट परिणाम बहुतेक विरून गेले होते, आणि मुळात बोलक्या, माणसं जोडून असलेल्या लोकांना इंटरनेटचा फायदाच होताना दिसला. ही दुसरी बातमी मात्र फारशी कुणी छापली नाही. आजही घरगुती वादात १९९८ चाच निष्कर्ष, नाव माहीत नसताना, फिरत असतो.

शेरी टर्कल यांचा प्रवास उलट दिशेने झाला. १९९५ च्या पुस्तकात त्या पडद्यावरच्या अनेक रूपांकडे कुतूहलाने पाहत होत्या. २०११ च्या 'अलोन टुगेदर'मध्ये त्यांना काळजी वाटू लागली होती. त्यांचा मुद्दा असा की, आपल्याला सोबत हवी असते पण तिचा भार नको असतो. स्क्रीनवर बोलताना हवं तेव्हा येता येतं, नको तेव्हा निघून जाता येतं, आणि याची सवय लागली की समोर बसलेल्या माणसाचं अवघडलेपण सोसेनासं होतं. हा मुद्दा आकड्यांनी सिद्ध करणं कठीण आहे, पण झटकून टाकावा असाही नाही.

समोरच्या बाजूला बॅरी वेलमन आणि त्यांच्या परंपरेतले समाजशास्त्रज्ञ. त्यांचं म्हणणं, माणसाचा गोतावळा गल्लीपुरता राहिलेला नाही, हे इंटरनेटच्या आधीच घडलं होतं. वेलमन आणि कीथ हॅम्प्टन यांनी टोरांटोजवळच्या, जलद इंटरनेट मिळालेल्या एका नव्या वसाहतीत पाहिलं, तर जोडणी असलेल्या घरांना शेजारीही जास्त ओळखीचे होते. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी तर १९७३ मध्येच दाखवलं होतं की, नोकरीसारखी नवी माहिती माणसाला जवळच्यांपेक्षा दूरच्या ओळखीतून अधिक मिळते. दूरची ओळख म्हणजे वाया गेलेली ओळख नव्हे, असा याचा अर्थ.

तिसरं म्हणणं मला जास्त विचार करायला लावणारं वाटतं. जोसेफ वॉल्थर यांनी १९९६ मध्ये मांडलं की, लेखी संवाद काही वेळा प्रत्यक्षापेक्षाही जवळीक वाढवतो. लिहिणारा शब्द निवडतो, वाचणारा गाळलेल्या जागा आपल्या मनाने भरतो, आणि दोघंही एकमेकांच्या त्या चांगल्या प्रतिमेला जागण्याचा प्रयत्न करतात. गेऑर्ग झिमेल यांनी १९०८ मध्येच लिहून ठेवलं होतं की, परक्या माणसापाशी लोक जे उघड करतात ते जवळच्यांपासून लपवलेलं असतं. रेल्वेच्या लांबच्या प्रवासात शेजारच्या बर्थवरच्या अनोळखी बाईला घरचं सगळं सांगितलेल्या कुणालाही हे पटेल. फरक एवढाच की, ऑनलाइन ती बाई पुढच्या स्टेशनवर उतरून जात नाही. ती उद्याही असते.

या तिन्ही भूमिकांना मोजमाप लावून पाहण्याचे प्रयत्न झाले आहेत. रॉबिन डनबार यांनी २०१६ मध्ये समाजमाध्यमं वापरणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. सरासरी दीडशेच्या आसपास 'मित्र' असले तरी अडीअडचणीला ज्यांच्यावर भिस्त ठेवता येईल असे लोकांनी सुमारे ४ सांगितले, आणि सहानुभूती दाखवतील असे सुमारे १४. हे आकडे प्रत्यक्ष आयुष्यातल्या आकड्यांच्या जवळचेच आहेत, म्हणजे माध्यमामुळे माणसाची कुवत वाढली नाही. आपल्याकडे खांदेकरीही चारच लागतात. जेफ्री हॉल यांनी तास मोजले : साध्या मैत्रीला ५० च्या आसपास, पक्क्या मैत्रीला ९०, आणि जिवलग व्हायला २०० हून अधिक. पण ते एकत्र घालवलेले तास होते. टाइप करत काढलेला तास त्यात पूर्ण धरायचा की अर्धा, हे कुणी ठरवलेलं नाही.

किशोरवयीनांच्या बाबतीत एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रिबिल्स्की यांचा २०१९ चा अभ्यास उल्लेखनीय आहे. मोठ्या सर्वेक्षणांचा पट घेऊन त्यांनी दाखवलं की, मुलांच्या सुखात जो फरक दिसतो त्यातला जेमतेम ०.४ टक्का डिजिटल वापराशी जोडता येतो. ही सरासरी आहे, तिच्या आड काही मुलांचं बरंच बिघडलेलं आणि काहींचं बरंच सुधारलेलं असू शकतं.

एवढ्यावरून 'खरी की खोटी' हा प्रश्न मागे पडायला हरकत नाही. अभ्यासकांत तो बऱ्यापैकी मागे पडलेलाही आहे. ही मैत्री होते, टिकते, तुटते, तिच्यात माणसं बदलतात. तिला घरात, रीतिरिवाजात आणि कायद्यात जागा काय, हा प्रश्न मात्र तसाच आहे.

समाचाराला कोण येतं

आपल्याकडे घरात मृत्यू झाला की माणसं समाचाराला येतात. येणाऱ्याने फार बोलायचं नसतं. 'काय झालं?' एवढं विचारायचं आणि घरच्यांनी सगळं पहिल्यापासून सांगायचं : सकाळी चहा घेतला, मग म्हणाले जरा पडतो. दर येणाऱ्याला तेच सांगायचं. या पुन्हा पुन्हा सांगण्यातच मन हळूहळू वास्तवापाशी येतं. पण तेरावं झालं की दार बंद होतं. पाहुणे आपापल्या गावी जातात, मुलं कामावर रुजू होतात. चौथ्या महिन्यात रात्री दोन वाजता जी आठवण येते तिला ऐकायला कुणी नसतं, आणि घरातलं दुसरं माणूसही त्याच दुःखात असल्याने त्याला उठवायचं नसतं.

ऑनलाइन मैत्रीचं काम इथे सुरू होतं, असं मी जे पाहिलं-वाचलं त्यावरून म्हणेन. माझ्या परिचयातल्या एक निवृत्त शिक्षिका पतीच्या स्मृतिभ्रंशाच्या काळात अशाच सोसणाऱ्या बायकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये गेल्या. पती गेल्यावरही त्या तिथेच राहिल्या. त्यातल्या बहुतेक जणींना त्यांनी पाहिलेलं नाही. रोज सकाळी प्रत्येकीने 'सुप्रभात' टाकायचं, सोबत गुलाब नाहीतर गणपती. तरुण मंडळी या फुलांना वैतागतात. २०१८ मध्ये तर असल्या शुभसकाळच्या चित्रांनी भारतातल्या फोनची जागा भरून जाते अशा बातम्याही आल्या होत्या. पण या ग्रुपमध्ये ते फूल म्हणजे हजेरी आहे. नऊ वाजेपर्यंत एखादीचं फूल आलं नाही की ठरलेल्या दोघींपैकी एक फोन लावते. बहुतेकींची मुलं दुसऱ्या शहरात किंवा देशात आहेत. आई सकाळी उठली की नाही हे त्यांना रात्री कळतं, या बायकांना नऊ वाजता.

काही दुःखांना तर घरात बसायलाच जागा नसते. गर्भपात झाला तर 'होईल पुन्हा' म्हणून विषय मिटतो. लग्नाआधी तुटलेलं नातं, सांभाळलेलं कुत्रं, व्यसनाने गेलेला भाऊ, यांच्या समाचाराला कुणी येत नाही. केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा, समाजाने शोकाचा हक्क नाकारलेल्या दुःखाचा अभ्यास मांडला. समलिंगी जोडप्यांत एकजण गेला की दुसऱ्याच्या वाट्याला हेच येत आलं आहे. मुंबईत १९९८ मध्ये ऑनलाइन सुरू झालेल्या 'गे बॉम्बे'चं महत्त्व या दृष्टीनेही पाहायला हवं. समलिंगी संबंध ३७७ व्या कलमातून वगळणारा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय त्यानंतर वीस वर्षांनी, ६ सप्टेंबर २०१८ ला आला. परमेश शहाणी यांनी आपल्या २००८ च्या पुस्तकात या गटाची हकिगत तपशिलात दिली आहे.

आणि खुद्द ऑनलाइन मित्रच गेला तर? त्याचं सुतक लागत नाही, रजा मिळत नाही, 'कोण होता तो तुझा?' याला नीट उत्तर देता येत नाही. डोका यांची मांडणी इथे तंतोतंत लागू पडते.

नॉर्वेच्या मॅट्स स्टीनची गोष्ट म्हणूनच इतक्या लोकांना भिडली. त्याला स्नायू झिजवणारा ड्युशेन हा आजार होता. अखेरची बरीच वर्षं तो घरात बसून 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ खेळत असे. नोव्हेंबर २०१४ मध्ये, २५ व्या वर्षी तो गेला. आपल्या मुलाला प्रेम, मैत्री, कुणाच्या उपयोगी पडणं यातलं काहीच मिळालं नाही, या विचाराने आई-वडील खचले होते. त्याच्या ब्लॉगवर त्यांनी निधनाची बातमी टाकली, खाली वडिलांचा ईमेल दिला. मग पत्रं यायला लागली, थांबेचनात. स्वतःच्याच खोलीत कोंडून घेतलेल्या आपल्या स्वमग्न मुलाशी खेळातून कसं बोलावं, हे त्याने एका आईला सुचवलं होतं. एका मुलीचा संगणक आई-वडिलांनी काढून घेतला, तेव्हा तिच्यासाठी त्याने त्यांना पत्र लिहिलं होतं. स्वतःचा आजार मात्र त्याने बरीच वर्षं कुणाला सांगितला नव्हता. अंत्यविधीला खेळातले मित्र वेगवेगळ्या देशांतून आले, त्यांच्यातला एकजण बोललाही. खेळातल्या जपून ठेवलेल्या संवादांवरून बेंजामिन री यांनी 'द रिमार्केबल लाइफ ऑफ इबेलिन' (इबेलिन हे त्याचं खेळातलं नाव) हा माहितीपट केला, तो २०२४ मध्ये आला.

या कथेतून सहसा 'बघा, ही मैत्री किती खरी' असा निष्कर्ष काढला जातो. मला त्यात दुसरं काहीतरी जास्त महत्त्वाचं वाटतं. आई-वडिलांना ब्लॉगमध्ये शिरता आलं म्हणून हे सगळं कळलं. शिरता आलं नसतं तर मित्र वाट पाहत राहिले असते आणि आई-वडील मुलाचं आयुष्य रितं गेलं असंच समजून बसले असते.

२०२०-२१ मध्ये, करोनाच्या काळात, समाचाराला कोण येणार हा प्रश्न भारतात एकदम सगळ्यांच्याच दारात आला. अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा होती, अनेकांना तीही मिळाली नाहीत. दहावं व्हिडिओ कॉलवर झालं. ज्यांना ऑनलाइन ओळखींबद्दल शंका होती त्यांनाही एप्रिल-मे २०२१ मध्ये ऑक्सिजन सिलिंडरचा किंवा खाटेचा पत्ता अनोळखी माणसाकडून मिळाला. नाती-गोती असूनही येऊ न शकण्याचा अनुभव त्या दोन वर्षांत घरोघरी आला. पण या काळाचा मराठी घरांच्या शोकावर झालेला परिणाम कथा-लेखांतून जितका आला आहे, तितका पद्धतशीर अभ्यासातून आलेला नाही.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. गंटर आयझेनबाख आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये आजारी माणसांच्या ऑनलाइन आधारगटांवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा फायद्याचा भक्कम पुरावा मिळाला नाही. अपायाचाही मिळाला नाही. अडचण अशी की बहुतेक ठिकाणी गटासोबत इतर उपचारही चालू होते, त्यामुळे गुण कशाचा हे वेगळं काढता येईना. आणि विश्वासघाताचा धोका आहेच. २००१ मध्ये अमेरिकेत केसी निकोल या कर्करोगग्रस्त तरुणीच्या 'निधनावर' असंख्य लोक रडले आणि मग कळलं की अशी मुलगी कधी नव्हतीच, एका बाईने ती रचली होती. त्याआधी, २००० मध्येच, मार्क फेल्डमन यांनी सहानुभूतीसाठी ऑनलाइन आजाराचं सोंग घेण्याच्या वृत्तीचं वर्णन केलं होतं. अशा प्रसंगी पैसे गेल्यापेक्षा केलेला शोक वाया गेल्याची भावना लोकांना जास्त पोखरते. आता खोट्या ओळखीतून आर्थिक लूट करणाऱ्या टोळ्याच आहेत, आणि १९३० हा मदत क्रमांक घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवर लिहून ठेवावा लागतो.

पेढे

आनंदाबद्दल कमी लिहिलं गेलं आहे. शेली गेबल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं की, चांगली बातमी कुणाला सांगितली की त्या घटनेच्या पलीकडे वेगळा आनंद मिळतो, आणि ऐकणाऱ्याने मनापासून दाद दिली तर नातंही घट्ट होतं. नुसतं अंगठ्याचं चिन्ह टाकणं ही दाद म्हणायची का, हे मात्र बघणाऱ्यावर अवलंबून आहे. दुसऱ्यांचे आनंद नुसते पाहत बसल्याने मन खट्टू होतं, असं फिलिप व्हरडाइन यांच्या २०१५ च्या प्रयोगांत आढळलं; नंतरच्या अभ्यासांत हे इतकं स्वच्छ दिसलं नाही.

माझं निरीक्षण असं की, नातेवाइकांत आनंद सांगताना हिशेब असतो. दृष्ट लागेल, जावेला टोचेल, मागच्या वेळी त्यांनी आपल्याला उशिरा कळवलं होतं. पन्नाशीत दहावी पास झालेल्या बाईला, पहिली कथा छापून आलेल्या लिपिकाला, व्यसन सुटून वर्ष झालेल्या माणसाला, या हिशेबाबाहेरचं कुणीतरी हवं असतं. तिथे हे मित्र कामी येतात.

वाट आणि मुक्काम

प्रवासात ही मैत्री पडद्यावरून घरात येते. अनोळखी प्रवाशाला घरी उतरवून घेण्याची संघटित कल्पनाही इंटरनेटच्या आधीची : १९४९ मध्ये सुरू झालेली 'सर्व्हास' ही चळवळ, दुसऱ्या महायुद्धानंतर देशादेशांतल्या साध्या माणसांची ओळख व्हावी म्हणून. २००४ मध्ये आलेल्या 'काउचसर्फिंग'ने तेच ऑनलाइन आणि प्रचंड प्रमाणात केलं. विश्वास पाहुणा आणि यजमान यांनी एकमेकांबद्दल लिहिलेल्या अभिप्रायांवर चालायचा. २०२० मध्ये, करोनाने प्रवास थांबलेला असताना, त्यांनी अनेक देशांत सदस्यांकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली आणि जुने सदस्य दुखावले. लोकांनी फुकट दिलेल्या पाहुणचारावर उभ्या राहिलेल्या जागेची मालकी कुणाची, हा वाद तेव्हापासून मिटलेला नाही.

मराठीत या मैत्रीचा प्रवासाशी संबंध जास्त करून लिहिण्या-वाचण्यातून आला. सह्याद्रीतल्या किल्ल्यांच्या वाटा, कुठल्या टाक्यात उन्हाळ्यात पाणी असतं, नर्मदा परिक्रमेत सदावर्त कुठे मिळतं, ही माहिती आधी जाऊन आलेल्यांनी ऑनलाइन लिहून ठेवली आणि नंतर जाणाऱ्यांनी त्यात भर घातली. वाचणाऱ्यांत कधीच जाऊ न शकणारेही असतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाने रोजचा मुक्काम विचारावा आणि चालणाऱ्याने त्याच्यासाठी म्हणून एखादा घाट जास्त तपशिलात लिहावा, असं घडतं. याला कोणत्या मोजपट्टीवर मोजायचं ते ठाऊक असलेला अभ्यास माझ्या वाचनात नाही.

प्रत्यक्ष भेटीचं काय होतं, याबद्दल वॉल्थर यांचा २००१ चा एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. दीर्घकाळ फक्त लिहून बोललेल्या लोकांना एकमेकांचे फोटो दाखवले, तर जवळीक वाढण्याऐवजी थोडी कमी झाली. गटगला गेलेल्या अनेकांना पहिला अर्धा तास असाच अवघड जातो. पण त्या अर्ध्या तासावरून सगळ्या मैत्रीचं माप काढणं मला पटत नाही. प्रयोगात फोटो पाहून लोक आपापल्या घरी जातात, गटगला मिसळ येते आणि कुणीतरी जुना वाद उकरून काढतं.

काय बाकी आहे

पहिली त्रुटी माहितीची. यातलं बहुतेक संशोधन अमेरिका-युरोपातलं, आणि बरंचसं विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांवरचं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या डॅनियल मिलर यांच्या प्रकल्पातल्या अभ्यासकांनी नऊ ठिकाणी दीर्घ काळ राहून समाजमाध्यमांच्या वापराची पाहणी केली, त्यात चेन्नईजवळच्या भागावरचं श्रीराम वेंकटरामन यांचं २०१७ चं पुस्तक आहे. जात, कुटुंब आणि वय यांची चौकट तिथे ऑनलाइनही मोडत नाही, वाकते फक्त. महाराष्ट्राबद्दल असं काम व्हायला हवं. इथे ऑनलाइन मैत्री आडनावाच्या पलीकडे जाते का, सोलापूरची मुलगी आणि डोंबिवलीच्या आजी एकमेकींना काय सांगतात, हे अंदाजाने बोलून चालणार नाही.

दुसरा प्रश्न नवा आहे. 'रेप्लिका'सारखे बोलणारे यंत्रमित्र २०१७ पासून आहेत, आणि आता त्यांची भाषा फार सफाईदार झाली आहे. रात्री दोन वाजता तेही जागे असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ मध्ये जगातल्या दर सहा माणसांपैकी एकाला एकटेपणा ग्रासतो असं सांगितलं, त्यामुळे अशा यंत्रांना गिऱ्हाईक कमी पडणार नाही. पण त्यांना स्वतःचं काही गमवायचं नसतं. ज्या ग्रुपबद्दल वर लिहिलं, तिथे ऐकणारीही उद्या सांगणारी असते. ही देवाणघेवाण नसेल तर आधार उरतो का, याचे अभ्यास आता कुठे सुरू झाले आहेत.

तिसरा प्रश्न कळवण्याचा. फेसबुकने २००९ मध्ये मृतांची खाती स्मृतिखाती म्हणून ठेवायला सुरुवात केली आणि २०१५ मध्ये आपल्यामागे खातं सांभाळणारी व्यक्ती नेमण्याची सोय दिली. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही मृत्यूनंतर आपले हक्क बजावण्यासाठी कुणाला तरी नामनिर्देशित करण्याची तरतूद आहे. बँकेत वारस लावतो तसं हे करून ठेवायची सवय मात्र आपल्याला नाही. घरातल्यांच्या हाती बंद फोन येतो, त्यात आपल्याला न कळलेली चाळीस माणसं आहेत याची कल्पना नसते, आणि ती चाळीस माणसं तिकडे संदेश पाठवत राहतात.

मग फोन उघडावा का? जर्मनीत यावर मोठा खटला झाला. २०१२ मध्ये बर्लिनला मेट्रोखाली सापडून मरण पावलेल्या १५ वर्षांच्या मुलीचे फेसबुक संदेश तिच्या आई-वडिलांना हवे होते, ती आत्महत्या होती का हे समजून घेण्यासाठी. २०१७ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने त्यांच्या विरोधात निकाल दिला, कारण त्या संदेशांत पलीकडच्या माणसांचीही गुपितं होती. २०१८ च्या जुलैमध्ये सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने तो फिरवला : पत्रं आणि रोजनिशी वारसांकडे जाते, तर खातंही जाईल. मला हा निकाल आई-वडिलांच्या बाजूने पाहिला की पटतो आणि मित्रांच्या बाजूने पाहिला की अडखळायला होतं. सासरचा जाच, नवऱ्यापासून लपवलेलं आजारपण, मुलाबद्दलची निराशा, हे सगळं त्या न भेटलेल्या स्नेह्यापाशी बोललेलं असतं ते घरच्यांना कळू नये म्हणूनच. निधन कळवायला नावांची यादी हवी, आणि यादीसाठी संवाद उघडावे लागतात. दोन्ही वेगळे ठेवता येतील अशी सोय, म्हणजे 'मी गेले तर या दहा जणांना एवढंच कळवा, बाकी काही उघडू नका' असं सांगून ठेवता येईल अशी साधी जागा, रोजच्या वापरातल्या माध्यमांनी अजून नीट दिलेली नाही, आणि घरात कुणी ती कागदावर लिहूनही ठेवत नाही.